खाट शिल्लक नाही

१९९२ सालच्या ८ जुलैला, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर आगगाडीतून खाली पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा इजेवर इलाज करण्याची साधने नव्हती, म्हणून तेथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याला मोठ्या रुग्णालयात नेण्याची शिफारस केली. आणि त्या शिफारशीच्या आधाराने सोबतच्या माणसांनी त्या रात्री कलकत्त्यात जी जी दारे ठोठावली त्यांची यादी पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरात कायमची नोंदली गेली. नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्री पावणेबाराला त्याची तपासणी झाली, क्ष-किरण चित्रे निघाली, दाखल करून घेणे आवश्यक असल्याचा अभिप्रायही लिहिला गेला. परंतु खाट शिल्लक नव्हती. कलकत्ता मेडिकल कॉलेजात खाट शिल्लक नव्हती. शंभुनाथ पंडित रुग्णालयात त्या इजेसाठी लागणारी सोय नव्हती. रात्री दोन वाजता कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेजात पुन्हा खाट शिल्लक नव्हती. उजाडल्यावर बांगूर मज्जाशास्त्र संस्थेत, खाजगी रुग्णालयात पैसे भरून काढलेला सीटी स्कॅन पाहून, डोक्यात रक्तस्राव झाल्याचे निदान झाले, पण अशा आणीबाणीच्या रुग्णावर उपचार करणे त्या संस्थेला शक्य नव्हते. आणि आणखी एका सरकारी रुग्णालयाने परत पाठविल्यावर अखेर एका खाजगी रुग्णालयात त्याला दाखल करावे लागले. २२ जुलैपर्यंत तेथे राहून, सुमारे १७,००० रुपये खर्चून, तो वाचला.

ह्या प्रकरणाचा निकाल ६ मे १९९६ रोजी लागला. न्यायालयाने त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई देवविली, आणीबाणीच्या प्रसंगी वेळेवर उपचार न मिळणे हा घटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे असे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि पैशाची अडचण ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही, असेही बजावले. त्याच्या सात वर्षे आधी, ऑगस्ट १९८९ मध्ये, परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निर्णय देताना ह्याच न्यायालयाने जखमी माणसावर उपचार सुरू करण्यासाठी पोलिसांची वर्दी वा पंचनामा पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, हे स्पष्ट केले होते. म्हणजे दारातून कोणाला परत पाठवू नये, एवढा न्याय कागदावर पदरात पडला. परंतु दाराच्या आत आलेल्या माणसाने किती वेळ थांबावे, ह्याविषयी कायदा मूक राहिला; आणि आज आपल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतून जे घडते ते बहुतांशी ह्या मौनाच्या प्रदेशात घडते. ती आता सहसा नाही म्हणत नाहीत. ती थांबायला सांगतात.

मथुरापूरच्या त्या रात्रीत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, तीत कोणी दुष्ट मनुष्य भेटत नाही. बहुतेक ठिकाणी कोणीतरी त्याला पाहिले, तपासले, काहीतरी लिहून दिले. ज्याच्या हाती नकार देण्याचे काम आले तो डॉक्टर तरुण होता की अनुभवी, सहृदय होता की कोरडा, ह्याने निष्पत्तीत काडीचा फरक पडला नसता, कारण नकाराचे कारण त्याच्या टेबलापाशी नव्हतेच. ते वरच्या मजल्यावर वॉर्डात होते आणि साठ किलोमीटर मागे त्या आरोग्य केंद्रात होते. आणीबाणीच्या विभागात जी प्रतीक्षा दिसते तिचा उगम त्या विभागात नसतो, ही गोष्ट जोवर आपण नीट समजून घेत नाही तोवर आपला संताप चुकीच्या माणसावर निघत राहणार, आणि आपले उपायही चुकीच्या खोलीत होत राहणार.

गेल्या पावसाळ्यात मुंबईतील महानगरपालिकेच्या एका रुग्णालयात मी काही रात्री कॅज्युअल्टीत बसून काढल्या. आत शिरताच उजव्या हाताला केसपेपरची खिडकी, तिच्यालगत पोलिसाचे टेबल, समोर सीएमओ, म्हणजे त्या पाळीचा वैद्यकीय अधिकारी, आणि त्याच्या पाठीमागे पडद्यांनी विभागलेल्या काही ट्रॉल्या, अशी तिथली मांडणी. रुग्ण आला की सीएमओ त्याला मिनिटा-दोन मिनिटांत पाहतो; आणि प्रतीक्षा खरी सुरू होते ती त्यानंतर. तो ‘मेडिसिनला कॉल’ किंवा ‘सर्जरीला कॉल’ असे केसपेपरवर लिहितो, म्हणजे त्या शाखेच्या निवासी डॉक्टरने खाली येऊन रुग्ण ताब्यात घ्यावा. पण तो निवासी डॉक्टर त्या वेळी वर वॉर्डात दुसऱ्या कोणाच्या छातीवर दाब देत असतो किंवा शस्त्रक्रियागृहात हात धुऊन उभा असतो. तो येतो तेव्हा रक्ताच्या नळ्या भरून नातेवाइकाच्या हाती देतो. नातेवाईक त्या घेऊन प्रयोगशाळा शोधत जातो, परत येतो, सीटी स्कॅनच्या रांगेत ट्रॉली ढकलतो, रक्तपेढीत रक्तदाता उभा करतो, बाहेरच्या औषधाच्या दुकानातून सलाइनचा संच आणतो. शिपायाचे, हमालाचे आणि निरोप्याचे काम तोच करतो. आणि म्हणून ज्याच्यासोबत कोणी नाही त्याची प्रतीक्षा सर्वांत लांबते. लोहमार्गावर जखमी झालेल्यांना स्टेशनावरचे हमाल स्ट्रेचरवरून आणतात, सोबत रेल्वे पोलिसाचा मेमो असतो, आणि नाव कळेपर्यंत केसपेपरवर ‘अननोन’ एवढेच लिहिलेले असते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात हे ध्यानात घेतले म्हणजे, ह्या निनावी केसपेपरांची संख्या कोणत्या प्रतीची असेल ह्याची कल्पना येते.

अशाच एका रात्री, कोपऱ्यातल्या ट्रॉलीपाशी एक विशीतला मुलगा उभा राहून हाताने अंबू बॅग दाबत होता. त्याच्या वडिलांना वाडा तालुक्यातील घरात, जमिनीवर निजलेले असताना, मण्यार चावली होती. मण्यारीचे विष स्नायूंचे बळ हिरावून घेते. पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात, पण त्या काळात कोणी बाहेरून श्वास पुरवीत राहिले तर मनुष्य पुन्हा पूर्ववत उठून बसू शकतो. प्रतिविष गावाकडच्या रुग्णालयातच देऊन झाले होते. कृत्रिम श्वासयंत्र तेथे नव्हते, पुढच्या रुग्णालयात होते ते गुंतलेले होते, आणि येथे वरच्या अतिदक्षता विभागात एकही रिकामे नव्हते. म्हणून घशात नळी घालून तिच्या तोंडाशी ती रबरी पिशवी लावलेली, आणि ती दाबण्याचे काम मुलाकडे.

पाळीवरच्या सिस्टरांनी त्याला शिकवले ते माझ्या कानांवर पडले. “दाबलं की सोड. मग मनात पाच आकडे मोज, आणि पुन्हा दाब. घाई करायची नाही.” थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या, पिशवीवरची त्याची बोटे नीट करून म्हणाल्या, “दमलास तर काकांना दे बाळा, पण झोपू नकोस हं.” काका म्हणजे त्याचे सख्खे चुलते, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेले, त्यांची पाळी आली की मुलगा त्यांच्या जागेवर येऊन बसे आणि तरी त्याचे ओठ आकडे मोजीत हलत असत. संध्याकाळी सुरू झालेले हे काम पहाटेपर्यंत चालले, तेव्हा कुठे वर एक यंत्र मोकळे झाले आणि ट्रॉली लिफ्टकडे गेली. ते गृहस्थ पुढे बरे होऊन चालत घरी गेले. एका शेतकऱ्याच्या मुलाने वैद्यकाचे कसलेही शिक्षण नसताना रात्रभर आपल्या बापाचा श्वास हाताने चालू ठेवला, ह्याचे मला अपार कौतुक वाटते. आणि ते त्याच्यावर सोपवावे लागले ह्याची, महाराष्ट्राचा एक नागरिक म्हणून, शरम वाटते.

यंत्र पहाटेपर्यंत मोकळे का झाले नाही, ह्याचे उत्तर शोधू गेले म्हणजे आपण कॅज्युअल्टीतून जिना चढून वॉर्डात येतो. तेथे मंजूर खाटा भरून दोन खाटांच्या मधल्या फरशीवर गाद्या घातलेल्या असतात. गाद्या वाढतात, परिचारिका वाढत नाहीत. घरी जाण्याजोगा झालेला रुग्ण सकाळच्या फेरीत ‘डिस्चार्ज’ म्हणून ठरतो, परंतु त्याचे कार्ड लिहिण्याचे काम ज्या निवासी डॉक्टराचे, त्याच डॉक्टराला खाली कॉल असतो. मग कार्ड दुपारी तीनला लिहिले जाते, गाडीची तजवीज संध्याकाळी होते, आणि सकाळी खाली आलेला रुग्ण तोवर ट्रॉलीवर पडून राहतो. काही खाटांवर अशी माणसे असतात की ज्यांचा आजार संपला आहे पण ज्यांना नेण्यास कोणी येत नाही. ह्या सर्वांची बेरीज म्हणजे खालची रांग. सर्दी-खोकल्याचे रुग्ण रात्री कॅज्युअल्टीत येऊन गर्दी करतात, अशी तक्रार नेहमी कानांवर येते, आणि ते येतात हे खरेच आहे, कारण बाह्यरुग्ण विभाग दुपारी बंद होतो आणि रोजंदारीच्या माणसाला सवड मिळते ती रात्री. परंतु अशा रुग्णाला गोळी देऊन वाटेला लावण्यास फारसा वेळ लागत नाही आणि त्याला खाट तर लागतच नाही. दोष त्याच्या माथी मारणे सोपे आहे, एवढेच.

जिन्याच्या वरच्या टोकाइतकेच रस्त्याचे दूरचे टोक महत्त्वाचे. जव्हार-मोखाड्याचा रुग्ण नाशिकला जातो, तलासरीचा सिल्वासा किंवा वलसाडला, सिंधुदुर्गाचा गोव्यात बांबोळीला; आणि ठाणे, पालघर, रायगड ह्या जिल्ह्यांतून मुंबईकडे येणारा ओघ तर अखंड आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्राने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा सुरू केली, ९३७ वाहने रस्त्यावर आणली, त्यांपैकी २३३ मध्ये प्रगत जीवरक्षक साधने ठेवली. ह्या सेवेने वाटेतले मृत्यू टाळले ह्यात शंका नाही. परंतु रुग्णवाहिका ही अखेर एक वाट आहे, आणि वाट कितीही चांगली झाली तरी ती ज्या घरी पोहोचते ते घर भरलेले असेल तर प्रवाशाने उंबरठ्यावरच थांबायचे असते. वाहनातला स्ट्रेचर आत अडकून पडतो, कारण रुग्णाला उतरवून घ्यायला ट्रॉली नसते. स्ट्रेचर नाही म्हणून वाहन निघू शकत नाही. आणि पुढचा दूरध्वनी करणारा कोणीतरी कोठेतरी आपल्या दारात उभा राहून सायरनची वाट पाहतो.

ह्याच्या उलट काय करता येते ह्याचे एक उज्ज्वल उदाहरण आपल्याच कोकणात आहे. महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचा मागोवा रुग्णाच्या उशाशी बसून घेतला, आणि रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन नावाच्या स्वस्त गोळीने तो मृत्यू टळतो हे दाखवून दिले. पूर्वी ज्या दंशात दहांपैकी चार माणसे दगावत तेथे हे प्रमाण शंभरात एकावर आले. ह्या संशोधनाची दखल ‘लॅन्सेट’ने घेतली, पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्याचे मोल असे की, तो रुग्ण महाडातच बरा झाला आणि मुंबईच्या कोणत्याही कॅज्युअल्टीत त्याच्यासाठी ट्रॉली शोधावी लागली नाही. तालुक्याच्या ठिकाणी चालू स्थितीतले एक श्वासयंत्र, ते चालविणारा एक मनुष्य आणि रात्री हजर असणारा एक भूलतज्ज्ञ, एवढ्याने वाड्याच्या त्या मुलाची रात्रही वाचली असती.

रांग आहे तोवर तिच्यात आधी कोण, हा प्रश्न राहणारच, आणि त्याचे उत्तर वैद्यकाने फार पूर्वी दिले आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक लारे यांनी रणांगणावर असा दंडक घातला की, हुद्दा न पाहता, ज्याची जखम सर्वांत घातक त्याला प्रथम हात लावायचा. ह्या तत्त्वाचेच आजचे रूप म्हणजे रुग्णांची रंगांनुसार वर्गवारी. इंग्लंडमधील मँचेस्टर पद्धतीत लाल रंगाच्या रुग्णाला तत्काळ, नारिंगीला दहा मिनिटांत, पिवळ्याला तासाभरात, हिरव्याला दोन तासांत आणि निळ्याला चार तासांत डॉक्टरांनी पाहावे, असे ठरलेले आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनेही लाल, पिवळा, हिरवा अशी आपली वर्गवारी सिद्ध केली आहे. ह्या पद्धतीचा एक लाभ असा की, थांबणाऱ्याला आपण का थांबलो आहोत हे कळते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ही वर्गवारी डॉक्टरांच्या मनात असते, भिंतीवर नसते. आणि जे मनात असते त्याच्यावर बाहेरून दाब आणता येतो. ‘साहेबांचा फोन आहे’ हे शब्द मी त्या टेबलापाशी ऐकले. त्या फोनमुळे जो रुग्ण पुढे सरकला त्याच्या मागे राहिलेल्याला काही सांगितले गेले नाही. मोठ्या रुग्णालयात ओळख काढणे हा आपल्या मध्यमवर्गाने इतका अंगवळणी पाडून घेतलेला शिरस्ता आहे की, त्यात कोणाचा तरी क्रम हिरावला जातो ही जाणीवही लोपली आहे. हा अन्याय आहे, आणि तो आपण करतो.

न सांगितलेली प्रतीक्षा केव्हा तरी भडकते. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाबरोबर आलेल्या जमावाने अस्थिरोग विभागाच्या एका निवासी डॉक्टरला अमानुष मारहाण केली. मेंदूच्या शल्यविशारदाची आवश्यकता होती, तो तेथे उपलब्ध नव्हता, आणि ही गोष्ट सांगण्याचे काम ज्याच्या वाट्याला आले त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले, रुग्णालयांतून सुरक्षारक्षक नेमण्यात आले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा तर २०१० पासूनच आहे. बंदोबस्त झाला हे योग्यच झाले. पण धुळ्याच्या त्या रात्री जे पद रिकामे होते ते पद म्हणजे त्या घटनेचे मूळ, आणि रक्षक नेमल्याने पद भरत नाही. दिवस-रात्र-दिवस अशी सलग पाळी करून चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने दर दहा मिनिटांनी एका कुटुंबाला ‘खाट नाही’ सांगावे, ही योजनाच मुळात अमानुष आहे. १९९२ साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी सलग बारा तासांहून अधिक पाळी नसावी असा निर्देश दिला होता. आज तीस वर्षांहून अधिक काळ तो बहुतेक ठिकाणी फायलीतच आहे.

श्रीमंत देशांत ही पीडा नाही असे कोणी समजू नये. इंग्लंडने शतकाच्या आरंभी असा पण केला की, आणीबाणीच्या विभागात आलेला रुग्ण चार तासांच्या आत एकतर दाखल व्हावा, नाहीतर घरी किंवा अन्यत्र पाठविला जावा. आधी शंभरात अठ्ठ्याण्णव, मग २०१० पासून पंचाण्णव असे उद्दिष्ट ठरले, आणि जुलै २०१५ नंतर त्या देशाला ते एकदाही गाठता आलेले नाही. कारण तेच, वर खाट नाही. परंतु त्यांनी मोजणे सोडले नाही, आणि मोजल्यामुळे त्यांच्या हाती एक भयंकर सत्य लागले. २०२२ साली ‘इमर्जन्सी मेडिसिन जर्नल’मध्ये पन्नास लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार आल्यापासून वॉर्डात जाईपर्यंत सहा ते आठ तासांहून अधिक खोळंबलेल्या दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांच्या आत एक मृत्यू अधिक घडत होता. प्रतीक्षा म्हणजे गैरसोय, हा आपला समज ह्या एका आकड्याने निकालात काढला आहे. ती एक घातक व्याधी आहे, आणि आपल्या सार्वजनिक रुग्णालयांतून तिची गणना प्रसिद्धच होत नाही.

मथुरापूरच्या निकालात न्यायालयाने काही आज्ञा केल्या होत्या: प्राथमिक केंद्रांत प्रथमोपचाराची सिद्धता, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांची श्रेणीवाढ, खाटांची वाढ, आणि राज्यपातळीच्या रुग्णालयांना जोडणारी एक मध्यवर्ती दळणवळण-यंत्रणा, जेणेकरून रिकामी खाट कोठे आहे हे आधी कळून रुग्णाला थेट तेथेच नेता यावे. आज्ञा सर्व राज्यांनी लक्षात घ्याव्यात असेही नमूद होते. ही शेवटची आज्ञा अव्यवहार्य आहे असे पुष्कळ वर्षे सांगण्यात आले. मग जून २०२० मध्ये, साथीच्या ऐन भरात, मुंबई महानगरपालिकेने आपल्या चोवीस विभागांत चोवीस नियंत्रण कक्ष उघडले, चाचणीचे अहवाल थेट त्यांच्याकडे वळविले आणि खाटांचे वाटप तेथून सुरू केले. शाळामास्तर, कारकून, शिकाऊ दंतवैद्य दूरध्वनीपाशी बसून कोणत्या रुग्णालयात कोणती खाट मोकळी आहे हे घरच्या माणसाला सांगू लागले. साथीच्या शिखरावर तेथेही खाट मिळेना हे सत्य आहे, लोक वणवण फिरले हेही सत्य आहे; पण चोवीस वर्षे अशक्य मानलेली यंत्रणा काही आठवड्यांत उभी राहते, हे ह्या शहराने प्रत्यक्ष दाखविले. साथ ओसरली, आणि हृदयविकार, अपघात व सर्पदंश यांच्यासाठी ती यंत्रणा चालू ठेवावी असे कोणास वाटले नाही.

ती पुन्हा उभी करावी, मुंबई महानगर प्रदेशातल्या सर्व सार्वजनिक रुग्णालयांची मिळून एकच खाटवही असावी, घरी जाणाऱ्या रुग्णांची कार्डे सकाळी अकराच्या आत लिहून व्हावीत आणि त्यासाठी वेगळा मनुष्य नेमावा, हे सर्व मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्याआधी एक फार लहान गोष्ट करता येण्याजोगी आहे. केसपेपरवर आज नोंदणीची वेळ पडते. तिच्या खाली आणखी दोन रकाने छापावेत, एक संबंधित शाखेच्या डॉक्टराने रुग्णाला पाहिल्याच्या वेळेचा आणि दुसरा त्याला खाट मिळाल्याच्या वेळेचा. महिन्याअखेरीस ह्या रकान्यांचा गोषवारा अधिष्ठात्यांच्या टेबलावर जावा, तेथून आयुक्तांकडे, आणि तेथून औषधखरेदीच्या व बांधकामाच्या प्रस्तावांबरोबर स्थायी समितीपुढे. म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पात परिचारिकांची पदे कोणत्या रुग्णालयात भरायची आणि श्वासयंत्रे कोणत्या वॉर्डात द्यायची, हे ठरविताना कोणाला अंदाजावर विसंबून राहावे लागणार नाही.